जुना हाय-एंड सीडी चेंजर: टिकतो किती, वाजतो कसा, आणि घेण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात पाच-सहाशे सीडी आहेत, त्यात नाट्यसंगीत, ख्याल, थोडं जॅझ. दर तासाला उठून डिस्क बदलायचा कंटाळा आलाय. परदेशातून सेकंडहँड मिळू शकतील असे तीन चेंजर (अनेक सीडी एकदम भरून आपोआप बदलणारे प्लेअर) डोळ्यासमोर आहेत: पाच डिस्कचा मॅकिंटॉश एमसीडी२०५, चारशे डिस्कचा सोनी डीव्हीपी-सीएक्स७७७ईएस आणि नाकामिचीचा सात डिस्कचा म्युझिकबँक. यातला टिकाऊ कोणता, आणि चांगल्या सिंगल प्लेअरच्या तुलनेत आवाजात काय गमवावं लागतं?

आवाजाची चिंता सगळ्यात शेवटी करा. चेंजर घेताना लोक डॅकची (डिजिटल डेटाचा ॲनालॉग आवाज करणाऱ्या भागाची) चिप विचारतात, आउटपुट स्टेज विचारतात, आणि दोन वर्षांनी मशीन बंद पडतं ते वीस रुपयांच्या बेल्टमुळे किंवा दात तुटलेल्या प्लास्टिक गिअरमुळे. आवाज आवडला नाही तर मागे डिजिटल आउटपुट असतं. बाहेरचा डॅक जोडून विषय मिटवता येतो. तुटलेल्या कॅम-गिअरला (हालचालींचा क्रम ठरवणाऱ्या खाचांच्या चाकाला) मात्र असा बाहेरून पर्याय नसतो. म्हणून आधी मेकॅनिझम निवडायचं, मग ब्रँड.

मेकॅनिझमच्या जाती मुळात चार-पाचच आहेत. पहिली कॅरोसेल, म्हणजे मोठ्या गोल ताटात पाच किंवा सहा डिस्क आडव्या. एमसीडी२०५, सोनीचा एसएसीडी (सीडीच्या पुढची, वरच्या दर्जाची डिस्क) वाजवणारा एससीडी-सी५५५ईएस, रोटेल आरसीसी-१०५५, ओंक्यो डीएक्स-सी३९० (यात सहा डिस्क बसतात) हे सगळे या जातीचे. दुसरी मॅगझिन, म्हणजे सहा डिस्कची काडतुसासारखी पेटी, जी पायोनिअरच्या पीडी-एम मालिकेने घरोघरी पोचवली. तिसरी स्टॅकर: एकाच तोंडातून डिस्क आत घेऊन पोटात थर लावणारी. नाकामिचीचा म्युझिकबँक यातला सगळ्यात नावाजलेला. चौथी मेगाचेंजर, दोनशे ते चारशे डिस्क उभ्या लावलेलं चक्र. सोनीची सीएक्स मालिका आणि पायोनिअरचा ३०१ डिस्कचा पीडी-एफ१००७. बँग अँड ओलुफ्सेनचा बिओसाउंड ९००० या सगळ्यांपेक्षा वेगळा. त्यात सहा डिस्क एका रांगेत जागच्या जागी राहतात आणि वाचणारी गाडीच रुळावरून त्यांच्याकडे धावते. डेव्हिड लुईसचं हे डिझाइन १९९६ सालचं. २०२४ मध्ये कंपनीने जुनी यंत्रं परत घेऊन, नव्यासारखी करून त्याच्या २०० प्रती विकायला काढल्या. यंत्र म्हणून ते देखणं आहे, पण भारतात बसून त्याची दुरुस्ती करायची तयारी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

टिकाऊपणात कॅरोसेल सगळ्यात पुढे, आणि याला कारण आहे. ताट फिरवायला एक मोटर, ट्रे बाहेर काढायला आणि पिकअपचा (लेझर आणि लेन्स असलेल्या, डिस्क वाचणाऱ्या भागाचा) पाट वर उचलायला एक मोटर, एक-दोन बेल्ट, एक मोठा कॅम. डिस्कला कुणी चिमटीत पकडत नाही, ती गुरुत्वाकर्षणाने आपल्या खाचेत पडलेली असते. वरचं झाकण काढलं की सगळं डोळ्यांसमोर दिसतं. बिघाड झालाच तरी डिस्क आत अडकून बसण्याची शक्यता कमी. मॅगझिनमध्ये पातळ पाती पुढे-मागे सरकतात; वाकडी डिस्क किंवा कडेला सोललेलं लेबल असलेली सीडी-आर (घरी रेकॉर्ड केलेली सीडी) त्यात हमखास अडकते. मॅगझिनचा एक गोंधळ आधीच सांगून ठेवतो: काही पायोनिअर मॉडेलमध्ये डिस्क छापील बाजू खाली करून भरायची असते. सरळ भरली की यंत्र ‘डिस्क नाही’ म्हणतं आणि मालक लेझर गेला म्हणून रडत बसतो.

स्टॅकर हा घड्याळजीच्या हाताचा माल. डिस्क पकडणं, वर-खाली नेणं, थरात सरकवणं, वाजवायच्या जागी आणणं या सगळ्या हालचाली एकमेकींशी दातांनी जोडलेल्या असतात. बेल्ट घसरून एखादी हालचाल अर्धवट राहिली, की मायक्रोकंट्रोलरला वाटतं डिस्क अमुक जागी आहे आणि ती प्रत्यक्षात दोन थरांच्या मध्ये लटकत असते. मग ट्रे उघडत नाही, आणि जबरदस्ती केली तर गिअरचा दात जातो. म्युझिकबँक वाजतो छान, डिस्कही बऱ्यापैकी लवकर बदलतो, पण तो घ्यायचा असेल तर ज्याला सर्व्हिस मॅन्युअल वाचता येतं अशा माणसाने घ्यावा.

मेगाचेंजरचा हिशेब निराळा. कागदावर तो तुमच्यासाठीच बनलाय असं वाटतं, चारशे सीडी एकदा भरल्या की झालं. प्रत्यक्षात त्याचे तीन त्रास आहेत. एक, डिस्क उभ्या खाचेत नुसत्या टेकलेल्या असतात. भरलेलं यंत्र तिरकं केलं किंवा उचलून दुसऱ्या खोलीत नेलं की दोन-चार डिस्क खाचेतून सुटून चक्राखाली पडतात, आणि पुढच्या फेरीत चक्र जाम. हलवायच्या आधी सगळ्या डिस्क काढायच्या, चारशेच्या चारशे. दोन, आपल्याकडच्या हवेत उघड्या डिस्कवर धूळ आणि दमट बुरशी. तीन, अमुक खाचेत अमुक सीडी ही नोंद. रिमोटवरून नावं टाइप करणं म्हणजे शिक्षाच आहे, आणि ही मेमरी ज्या मॉडेलमध्ये बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटरवर (काही दिवस वीज साठवणाऱ्या भागावर) टिकते तिथे यंत्र बरेच दिवस प्लगमधून काढून ठेवलं की नावं पुसली जातात. सरळ एका वहीत किंवा स्प्रेडशीटमध्ये यादी करा आणि रिकाम्या कव्हरांवर तेच नंबर चिकटवा. सीएक्स७७७ईएस हा डीव्हीडी प्लेअरसुद्धा आहे, म्हणजे अमेरिकेतला घेतला तर रीजन १ (डीव्हीडीचा प्रदेशानुसार असलेला कोड). इथल्या डीव्हीडी त्यावर चालतील ही आशा ठेवू नका. सीडी आणि एसएसीडीला रीजन नसतो, त्यामुळे संगीतापुरता प्रश्न नाही.

आता बिघाड. कॅरोसेलमध्ये ते साधारण ज्या क्रमाने येतात त्या क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी बेल्ट. लक्षणं ओळखू येण्यासारखी असतात: ट्रे उघडताना मोटरचा आवाज येतो पण ट्रे हलत नाही, बोटाने किंचित ओढला की येतो, किंवा ट्रे बंद होतो, ताट फिरतं, पण पिकअपचा पाट पूर्ण वर येत नाही. हे दुसरं लक्षण फसवं आहे. पाट अर्धा मिलिमीटर खाली राहिला तरी डिस्कवरची चुंबकाची पकड नीट बसत नाही, डिस्क घासत फिरते आणि डिस्प्लेवर ‘नो डिस्क’ येतं. माणूस लेझर बदलायला निघतो आणि दोष बेल्टचा असतो. बेल्टचं माप जुन्या ताणलेल्या बेल्टवरून घेऊ नका. दोन्ही पुलींभोवती शिवणाचा दोरा गुंडाळून लांबी मोजा आणि नवा बेल्ट आतल्या परिघात त्यापेक्षा ५ ते ८ टक्के कमी घ्या, जाडी जुन्याएवढीच. खूप घट्ट घेतला तर मोटरच्या बुशवर ताण येतो आणि ट्रे अडखळत चालतो. प्लंबिंगच्या दुकानातली काळी ओ-रिंग बसवण्याचा जुगाड चार दिवस चालतो, कारण तिचं रबर कडक असतं. बसवण्याआधी पुली आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. जुना बेल्ट वितळून डांबर झाला असेल तर आधी लाकडी काडीने खरवडा, मग अल्कोहोल. हे डांबर कपड्याला लागलं की निघत नाही.

त्यानंतर वाळलेलं ग्रीस. वीस-तीस वर्षांत पांढरं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं. पिकअप ज्या दांड्यावर सरकतो तिथे हे झालं की डिस्कच्या शेवटच्या गाण्यांत अडखळणं सुरू होतं, कारण पिकअप आतून बाहेर जातो आणि बाहेरच्या टोकाची ग्रीस कधी ढवळलेलीच नसते. जुनं सगळं पुसून काढा. दांड्यावर हलकं तेल, गिअरच्या दातांवर प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन किंवा पीटीएफई ग्रीस, मोहरीएवढं, जास्त नाही. गंज सोडवायचा स्प्रे आत मारू नका. तो लेन्सवर उडतो, बेल्टवर जातो आणि काही प्लास्टिकला तडे पाडतो.

कॅम किंवा गिअर बाहेर काढायची वेळ आली तर आधी फोनवर फोटो घ्या. गिअरवर बारीक त्रिकोण किंवा छिद्र असतं, ते शेजारच्या गिअरच्या खुणेसमोर यायला हवं. एक दात चुकला तर ट्रे अर्ध्यात थांबतो किंवा पाट चुकीच्या वेळी वर येतो, आणि तो फिरत्या ताटाला खालून धडकतो.

सेन्सरचा दोष वेगळा दिसतो. ताट फिरत राहतं, थांबत नाही. किंवा डिस्क ३ मागितली तर ४ वाजते. ताटाच्या खाली खाचा असतात आणि एक छोटा यू आकाराचा ऑप्टिकल सेन्सर त्या मोजतो. त्यात धुळीचा गोळा बसला की मोजणी चुकते. मऊ ब्रशने साफ करा, हवेचा फुगा मारा; बहुतेक वेळा एवढंच पुरतं. ट्रेची उघड-बंद कळवणारे पातीचे स्विच मुंबई-कोकणातल्या हवेत काळे पडतात. त्यांच्या संपर्कबिंदूंमध्ये अल्कोहोल लावलेला जाड कागद सरकवून साफ करा, पॉलिश पेपर नको.

मग येतो लेझर, ज्याला सगळे पहिला गुन्हेगार ठरवतात. निदान करताना घाई करू नका. एक स्वच्छ, चांगली, छापील (म्हणजे कारखान्यात तयार झालेली) सीडी घ्या. निदानासाठी सीडी-आर किंवा पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू वापरू नका. छापील सीडी किमान ७० टक्के प्रकाश परत पाठवते, सीडी-आरडब्ल्यू जेमतेम १५ ते २५ टक्के. नव्वदच्या दशकातला पिकअप सीडी-आरडब्ल्यू वाचत नसेल तर तो बिघाड नाही, ती त्याची मर्यादा आहे. एमपी३ भरलेल्या डिस्कचंही तेच; त्या काळातल्या बहुतेक हाय-एंड चेंजरना ती भाषा येतच नाही.

झाकण काढून, डिस्क न ठेवता, ट्रे बंद केल्यावर तिरक्या नजरेने लेन्सकडे बघा. लेन्स दोन-तीनदा वर-खाली होते आणि फिकट लाल ठिपका दिसतो. लेन्समध्ये सरळ वरून बघू नका. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा असतो, त्याचा बराचसा प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण डोळ्यात जातोच. ठिपका दिसतो आणि लेन्स हलते म्हणजे लेझर निदान जिवंत आहे. पण दिसणारा लेझर म्हणजे निरोगी लेझर नव्हे.

लेन्स साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड फक्त ओलसर करायचा, टपकणारा नको. लेन्सच्या मधून हलकेच एक गोल फिरवा, दुसऱ्या कोरड्या बडने टेकवून घ्या, पाच मिनिटं थांबा. लेन्स प्लास्टिकची आणि केसासारख्या तारांवर तरंगणारी असते. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, अत्तर यांनी ती कायमची धुरकट होते. ब्रश लावलेली क्लीनिंग डिस्क कॅरोसेलमध्ये एकवेळ चालेल, उभ्या मेगाचेंजरमध्ये आणि स्टॅकरमध्ये अजिबात नको. पावसाळ्यानंतर लेन्स साफ करूनही सुधारणा नसेल तर धुरकटपणा लेन्सच्या मागे, प्रिझमवर असू शकतो. तिथे बडचा उपयोग नाही, पिकअपच बदलावा लागतो.

डिस्क कुठे अडते यावरून बरंच कळतं. सीडी आतून वाचायला सुरुवात होते आणि तिथे ती मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या घेते. बाहेरच्या कडेला हाच वेग २०० च्या आसपास येतो. म्हणजे सुरुवातीलाच गाण्यांची यादी वाचता येत नसेल, पहिलं गाणं अडखळत असेल आणि पुढची बरी वाजत असतील तर डिस्क फिरवणाऱ्या मोटरवर संशय घ्या. तिचे ब्रश आणि कम्युटेटर झिजलेले असतात. शेवटची गाणी अडखळली तर स्लेडचं (पिकअप सरकवणाऱ्या यंत्रणेचं) ग्रीस किंवा गिअर. अर्धा-पाऊण तास वाजल्यावर, यंत्र गरम झाल्यावर त्रास सुरू होत असेल तर थकलेला लेझर, ड्रायव्हर आयसी (मोटरी चालवणारी चिप) किंवा रेग्युलेटरच्या पायांखालचं तडकलेलं सोल्डर. उलट सुरू करताना अडतो आणि दहा मिनिटांनी नीट चालतो, अशा वेळी ग्रीस किंवा पॉवर सप्लायचे कपॅसिटर. आणि सगळ्या डिस्कवर नाही, एकाच डिस्कवर, एकाच ठिकाणी अडत असेल तर यंत्राला हात लावू नका; डिस्क सौम्य साबणाने धुऊन मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा.

लेझर थकला की काही मेकॅनिक पिकअपवरचा छोटा प्रीसेट फिरवून करंट वाढवतात. गिऱ्हाईक खूश होतं, यंत्र काही आठवडे चालतं आणि मग डायोड कायमचा जातो. अनेक सोनी पिकअपच्या लेबलवर मूळ करंट छापलेला असतो. मोजलेला करंट त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त असेल तर डायोड संपत आलाय, प्रीसेटला हात न लावता नवा पिकअप घ्यायचा. ऑसिलोस्कोप असेल तर आरएफ टेस्ट पॉइंटवर (पिकअपचा सिग्नल मोजायच्या जागी) ‘आय पॅटर्न’, म्हणजे त्या सिग्नलची आकृती, बघा. सोनीच्या केएसएस-२१३ जातीच्या पिकअपला साधारण १ ते १.४ व्होल्ट पीक-टू-पीक आणि मधले हिरे स्वच्छ दिसायला हवेत. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच धरा.

पिकअप विकत घेताना नंबरातलं एकेक अक्षर बघा. केएसएस-२१३सी हा नुसता पिकअप, केएसएम-२१३सीसीएम म्हणजे तोच पिकअप मोटर आणि स्लेडसकट. सान्योच्या एसएफ-पी१०१एनमध्ये १५ पिन आणि १६ पिन असे दोन प्रकार आहेत. चुकीचा घेतला तर रिबन (जोडणीची चपटी केबल) बसणारच नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन मिळणारे बरेच पिकअप नकली किंवा जुने सोडवलेले असतात, म्हणून एकाच वेळी दोन घेऊन ठेवणं शहाणपणाचं. नवा पिकअप स्थिर विजेपासून वाचावा म्हणून त्याच्या फ्लेक्सवर (लवचीक पट्टीवर) दोन टोकं जोडणारा सोल्डरचा ठिपका असतो. रिबन जोडल्यानंतरच तो काढायचा, आणि काढायचाच. तो तसाच राहिला तर नवाकोरा पिकअप मेल्यासारखा वागतो. दुकानात ‘माल खराब दिला’ म्हणून परत येणाऱ्या पिकअपपैकी कितीतरी असे धडधाकट असतात. मोटर स्वतंत्र बदलली तर तिच्या शाफ्टवर दाबून बसवलेल्या चकतीची उंची काढण्याआधी कॅलिपरने मोजून ठेवा. नवीही तेवढ्याच उंचीवर बसली पाहिजे.

एसएसीडी चेंजरमध्ये एक जास्तीची गोष्ट असते. पिकअपला दोन लेझर असतात, सीडीसाठी ७८० आणि एसएसीडीसाठी ६५० नॅनोमीटर. सीडी नीट वाजते पण एसएसीडी ‘नो डिस्क’ दाखवते, किंवा हायब्रिड (सीडी आणि एसएसीडी असे दोन थर असलेल्या) डिस्कचा फक्त सीडी थर वाजतो, म्हणजे ६५० वाला थकला. हे पिकअप साध्या केएसएसपेक्षा महाग आणि दुर्मीळ. विकणारा ‘सीडी पर्फेक्ट चालते’ एवढंच सांगत असेल तर एसएसीडी लावून दाखव म्हणा.

वीज. अमेरिकेतलं यंत्र १२० व्होल्ट ६० हर्ट्झचं, जपानमधलं १०० व्होल्टचं. ५० हर्ट्झमुळे गाण्याचा वेग किंवा सूर बदलत नाही. मोटरी डीसी असतात आणि घड्याळ क्रिस्टलचं, बऱ्याच यंत्रांत १६.९३४४ मेगाहर्ट्झचं, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झची ३८४ पट. ट्रान्सफॉर्मर मात्र किंचित जास्त तापतो. चेंजर १५-२० वॉटच खातो, त्यामुळे ५० व्हीएचा स्टेप-डाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) भरपूर झाला, पण तो दोन वेगळी वाइंडिंग असलेला आयसोलेटेड घ्या. स्वस्त ऑटोट्रान्सफॉर्मर मेन्सपासून वेगळं करत नाही. जपानी यंत्राला बाजारातला ११० चा स्टेप-डाउन लावू नका. आपल्याकडे लाइन २५० च्या पुढे जाते तेव्हा त्यातून १२० निघतात, म्हणजे १०० व्होल्टच्या यंत्राला वीस टक्के जास्त. गुंडाळून घ्यायचा तर २३० ते १०० असाच सांगून घ्या. काही मॉडेलच्या ट्रान्सफॉर्मरला आत दुहेरी प्रायमरी असते आणि जंपर बदलून ते २३० वर आणता येतं. मॅन्युअलमध्ये तसं दाखवलं असेल तरच, अंदाजाने नाही.

आता आवाज. सीडीवरच्या चुका सुधारण्याची पद्धत इतकी भक्कम आहे की सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा ओरखडा ती पूर्ण भरून काढते, एकही बिट न गमावता. म्हणजे चेंजरचा मेकॅनिझम नीट वाचत असेल तोवर तो सिंगल प्लेअरइतकाच डेटा देतो. ‘चेंजरचा आवाज पातळ असतो’ ही ख्याती बहुतांशी स्वस्त चेंजरमुळे झाली. त्यांत सगळा पैसा ताट फिरवण्यात गेला आणि डॅक, ओप-अँप (ॲनालॉग सिग्नल वाढवणारी चिप), पॉवर सप्लाय यांना उरलासुरला मिळाला. एमसीडी२०५ किंवा एससीडी-सी५५५ईएससारख्या यंत्रांत तसं नाही. त्यांच्या ॲनालॉग भागात सिंगल प्लेअरची शिस्त आहे. मेगाचेंजरमध्ये डिस्क बदलताना होणारी घरघर शांत खोलीत ऐकू येते, पण ती आलापाच्या मध्ये नाही, दोन डिस्कच्या मध्ये.

दोन यंत्रांची तुलना करायचीच असेल तर आधी पातळी जुळवा. सीडीच्या आउटपुटचं प्रमाण २ व्होल्ट, पण प्रत्यक्षात एखादं यंत्र २.३ देतं. हा फरक १.२ डेसिबल, आणि मोठा वाजणारा आवाज कानाला नेहमी ‘जास्त मोकळा’ वाटतो. पूर्ण पातळीचा टेस्ट टोन लावून आरसीएवर (ॲनालॉग आउटपुटच्या सॉकेटवर) एसी व्होल्टेज मोजा. साधा मल्टिमीटर १ किलोहर्ट्झला चुकू शकतो, म्हणून १०० किंवा ४०० हर्ट्झचा टोन घ्या. जास्त देणाऱ्याचा व्हॉल्यूम तेवढा खाली आणून, समोर कोण वाजतंय ते न बघता ऐका. त्यानंतरही फरक कळला तर तो खरा.

जुन्या यंत्राचा आवाज खरोखर बिघडतो तो वयाने, आणि त्याची ठिकाणं ठरलेली असतात. एक चॅनल हळू किंवा खरखरीत: आउटपुटचा म्यूटिंग रिले (गरजेप्रमाणे आवाज बंद करणारा स्विच). वरून हलकी टिचकी मारल्यावर आवाज परत आला तर निदान झालं. नवा रिले लावा. रिले नसेल तर म्यूटिंग ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांतला एखादा गळका झाला की मोठ्या स्वरांना कर्कश कड येते. त्याचा एक पाय सोडवून बघा. कड गेली तर तोच. दोन्ही चॅनलमध्ये मंद गुणगुण असेल तर पॉवर सप्लायचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर: त्याच मूल्याचे, तेवढ्याच किंवा वरच्या व्होल्टेजचे, १०५ अंशांचे बसवा. आउटपुटचे कपॅसिटर बायपोलर असतील तर बायपोलरच. सिग्नलच्या वाटेतले सगळे ओप-अँप उपटून महागडे लावण्याची फॅशन आहे. स्कोप नसताना ते करू नका, काही ओप-अँप त्या जागी ऑसिलेट होतात (स्वतःच सिग्नल निर्माण करू लागतात) आणि आवाज ‘तपशीलवार’ झाल्याचा भास होतो.

बाहेरचा डॅक जोडताना एक बारकावा. ऐंशीच्या दशकातल्या काही सीडींवर, विशेषतः सुरुवातीच्या जपानी छपाईच्या, प्री-एम्फसिस आहे: वरच्या स्वरपट्ट्या मुद्दाम वाढवून नोंदवलेल्या, २० किलोहर्ट्झला साडेनऊ डेसिबलच्या आसपास. डिस्कच्या डेटात तशी खूण, म्हणजे ‘झेंडा’, असतो. प्लेअर तो ओळखून त्या परत खाली आणतो. काही आधुनिक डॅक हा झेंडा बघतच नाहीत. एखादी जुनी डिस्क बाहेरच्या डॅकवर अचानक टोचू लागली आणि चेंजरच्या आरसीएतून नीट वाजली, तर कारण हेच. एसएसीडीचा मूळ डेटा मात्र कोॲक्शियल किंवा ऑप्टिकल या डिजिटल आउटपुटांमधून बाहेर येत नाही. एसएसीडीसाठी यंत्राचं ॲनालॉग आउटपुटच वापरावं लागतं.

तुमच्या तिघांबद्दल माझं मत असं. एमसीडी२०५ चांगल्या स्थितीत आणि पटणाऱ्या किमतीत मिळाला तर घ्या. ७४ मिनिटांच्या पाच डिस्क म्हणजे सहा तास दहा मिनिटं. दिवसाच्या ऐकण्याला पुरून उरतात. ख्याल ऐकणाऱ्याला चारशे डिस्कमधून ‘शफल’ करून काय मिळणार, भैरवीनंतर यमन? सीएक्स७७७ईएस ज्याला एसएसीडीही हवी आणि यंत्र एकदा ठेवलं की हलवायचं नाही त्याच्यासाठी. म्युझिकबँक दुरुस्तीची हौस असेल तर. आणि मॅकिंटॉशच्या किमतीने घाम फुटला, तर ओंक्यो डीएक्स-सी३९० घेऊन त्याच्या कोॲक्शियलवर चांगला डॅक लावा. आवाजात फार मागे राहणार नाही, आणि एक डिस्क वाजत असताना बाकीच्या पाच बदलता येतात.

पैसे पाठवण्याआधी विकणाऱ्याकडून एकाच सलग व्हिडिओत हे करून घ्या: थंड यंत्र सुरू करायचं, ट्रे दहा वेळा उघड-बंद, पाचही जागांवर छापील डिस्क, प्रत्येकीचं पहिलं आणि शेवटचं गाणं अर्धा अर्धा मिनिट, मग तासभर वाजल्यावर पुन्हा तेच. मागच्या प्लेटचा फोटो, म्हणजे व्होल्टेज कळतं. ट्रान्सपोर्ट स्क्रू आहेत का ते विचारा. असतील तर लावून, डिस्क काढून, दुहेरी खोक्यात, चारही बाजूंनी किमान पाच सेंटीमीटर फोम घालून पाठवायला सांगा. कुरिअरमध्ये ताट जागेवरून सुटलेला चेंजर हा सगळ्यात महागडा चेंजर असतो. ‘लेन्स साफ केली की चालेल’ असं वाक्य जाहिरातीत दिसलं तर पिकअप गेला असं धरूनच भाव करा. रिमोट नसेल तर त्याचेही पैसे वजा करा. मेगाचेंजरमध्ये तर बरीचशी कामं फक्त रिमोटवरूनच होतात.